रस्टमधून पायथनचं असिंक फंक्शन बोलावलं तर ते चालत का नाही?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या शीतगृहातलं तापमान रस्टमधला प्रोग्राम वाचतो आणि पारा चढला की पायथनमधलं असिंक (मध्येच थांबून वाट बघू शकणारं) फंक्शन मालकाला मेसेज पाठवतं. ते फंक्शन पायओथ्रीमधून (रस्ट आणि पायथन जोडणारी लायब्ररी) रस्टला दिल्यावर आधी ‘कोरुटीन वॉज नेव्हर अवेटेड’ अशी सूचना आली. मग ब्लॉक_ऑन (काम संपेपर्यंत तिथेच थांबवणारं फंक्शन) लावलंत, तर सगळंच अडकलं.

सूचनेचं कारण साधं आहे. पायथनमध्ये असिंक फंक्शन बोलावलं की त्यातली एकही ओळ चालत नाही, नुसतं कोरुटीन, म्हणजे अजून सुरू न झालेलं काम, हाती येतं. ते कुठल्यातरी इव्हेंट लूपवर (अशी कामं आळीपाळीने पुढे नेणाऱ्या चक्रावर) चढवलं तरच पुढे सरकतं. रस्टचं फ्यूचरही (तिथलं असंच पुढे व्हायचं काम) तसंच, कोणी पोल करेपर्यंत, म्हणजे ‘झालं का’ विचारेपर्यंत, जागचं हलत नाही. (जावास्क्रिप्टमधून आलेल्यांची इथे गफलत होते, कारण तिथे फंक्शन बोलावताक्षणी पहिल्या अवेटपर्यंत धावतं.) तुमच्या टोकिओला (रस्टची असिंक कामं चालवणारी लायब्ररी) पायथनचं कोरुटीन चालवता येत नाही, म्हणून ते न चालताच टाकलं गेलं.

अडकण्याचं कारण वेगळं. असिंकआयओचा (पायथनच्या असिंक लायब्ररीचा) लूप ज्या थ्रेडवर (प्रोग्राममधल्या कामाच्या धाग्यावर) आहे त्याच थ्रेडवरून तुम्ही रस्टमध्ये शिरलात आणि तिथे वाट बघत थांबलात. कोरुटीनला तोच लूप हवा, आणि लूपचा थ्रेड तर तुम्ही धरून बसलात. दुसऱ्या थ्रेडवरून थांबलात तरी जिल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) हातात असेल तर गत तीच, कारण जिलशिवाय लूपला पाऊलही टाकता येत नाही. थांबण्याआधी अलाऊ_थ्रेड्सने जिल सोडायलाच हवा, पायओथ्री ०.२६ पासून त्याचं नाव डिटॅच आहे.

माझं ठाम मत आहे की असिंक फंक्शन जसंच्या तसं पलीकडे पाठवायचा हट्टच सोडावा. अशा दोन भाषांमध्ये बहुतेक वेळा सीची सीमा असते आणि सीला असिंक माहीतच नाही. तिच्यातून जातं ते एवढंच: हे काम सुरू कर आणि झालं की इथे कळव. म्हणून दोन्हीकडचे लूप आपापल्या थ्रेडवर ठेवा. पायथनचा लूप वेगळ्या थ्रेडवर कायम चालू ठेवा आणि रस्टमधून रन_कोरुटीन_थ्रेडसेफ वापरून काम त्याच्याकडे द्या. पायओथ्री-असिंक-रनटाइम्स या लायब्ररीमधलं इनटू_फ्यूचर हेच नीटनेटकं करतं आणि तुम्हाला रस्टचं फ्यूचर देतं. मात्र टोकिओने स्पॉन केलेल्या, म्हणजे वेगळ्या सुरू केलेल्या, टास्कमध्ये ‘नो रनिंग इव्हेंट लूप’ अशी चूक येईल. त्यासाठी टास्कलोकल्स (कुठला लूप वापरायचा याची नोंद) सुरुवातीलाच घेऊन ठेवा आणि इनटू_फ्यूचर_विथ_लोकल्सला द्या.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. आपल्याकडे पावसात रेंज जाते, लाइट जाते, आणि मेसेजची विनंती तशीच लटकून राहते. तुम्ही रस्टमध्ये टोकिओचा टाइमआउट लावाल. वेळ संपली की रस्ट आपलं फ्यूचर टाकून देईल आणि तुम्हाला वाटेल काम थांबलं. पण पायथनमधला टास्क चालूच राहतो! रस्टमध्ये टाकून देणं म्हणजेच रद्द करणं. पायथनमध्ये टास्कला कॅन्सल सांगावं लागतं, मग आत कॅन्सल्डएरर उठतो. नुसतं सोडून दिलंत तर दर रीडिंगला एक टास्क साचत जाईल, आणि रेंज आली की मालकाला कालच्या तापमानाचे मेसेज एकामागून एक जातील. फळ किंवा मासळी खराब होतेय की नाही हे ज्याला त्या मेसेजवरून ठरवायचं आहे, त्याची ही फसवणूकच होईल. म्हणून मुदत पायथनच्या फंक्शनच्या आतच घाला: वेट_फॉर, किंवा पायथन ३.११ पासून असिंकआयओ.टाइमआउट. रस्टमधली मुदत त्याहून थोडी जास्त ठेवा, म्हणजे पायथनची चूक तुमच्यापर्यंत रीतसर पोचेल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा शीतगृहावर ताण कमी आणि रेंजचा त्रास सगळ्यात जास्त. चाचणी त्याच दिवसांत करा. मोडेममधलं सिमकार्ड काढून प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी असिंकआयओ.ऑल_टास्क्सची यादी लूपच्याच थ्रेडवरून छापून बघा. ती वाढलेली दिसली तर कुठलातरी टास्क अजून रद्द होत नाहीये.