सोसायटीत सापडलेला ससा घरी पाळावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पार्किंगमध्ये दोन दिवसांपासून एक पांढरा ससा फिरतोय. मालकाचा पत्ता नाही. वॉचमन म्हणतो टेकडीवर सोडून येतो, मुलं म्हणतात घरी ठेवू. घरात याआधी कधी प्राणी पाळलेला नाही, तर काय करावं?

घरी न्या, आणि आजच न्या. टेकडीवर मात्र कुणालाही सोडू देऊ नका. आमच्याकडची कापशी ही ससीणसुद्धा अशीच रस्त्यावरून आलेली आहे आणि गेली काही वर्षं ती आमच्या हॉलमध्ये राहते. तिच्यासोबत राहून जे कळलं आणि डॉक्टरांनी वेळोवेळी जे समजावलं, ते सगळं इथे लिहितेय. जरा लांबेल, पण सशाची नीट माहिती मराठीत फारशी मिळत नाही.

आधी टेकडीचं बघू. पांढरा, लाल डोळ्यांचा ससा म्हणजे जंगलातून वाट चुकून आलेला प्राणी नव्हे. तो माणसाने शेकडो वर्षं पाळून तयार केलेला युरोपियन ससा. आपल्या माळरानावर, उसात, डोंगरउतारावर दिसतो तो रानससा ही वेगळीच जात आहे. त्याचा रंग मातकट, पाय लांब, अंग सडपातळ आणि मानेमागे काळा पट्टा. या दोघांचा आपसात संकरही होत नाही. रानससा उघड्यावरच जन्मतो, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन, आणि थोड्याच वेळात चालायला लागतो. पाळीव सशाची पिल्लं बिनकेसांची, आंधळी जन्मतात. टेकडीवर सोडलेला पांढरा ससा गवतात लांबूनही उठून दिसतो, आणि पळून लपायचं कुठे हे त्याला ठाऊक नसतं. कुत्री, मांजरं, मुंगूस, घार यांच्यासमोर तो एक रात्र काढेल याचीही खात्री नाही. पाळीव प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे, हे वॉचमनकाकांना आणि कमिटीलाही सांगा.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाला मातकट रंगाचं पिल्लू सापडलं असेल तर उत्तर नेमकं उलटं. रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, तो घरी पाळता येत नाही. कापणीच्या वेळी शेतात एकटं बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा पोरकं नसतंच. आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडू लागला की दूध पाजायला येते. त्याला कापणीच्या वाटेतून उचलून जवळच्याच बांधावर आडोशाला ठेवा आणि माणसांना तिथून हलवा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाईचं दूध पाजू नका.

आता तुमचा पांढरा. पकडताना सोसायटीची पोरं मागे लावू नका. घाबरलेला ससा जिवाच्या आकांताने उड्या मारतो आणि त्यात मणका मोडल्याची उदाहरणं आहेत. मागच्या पायांत ताकद फार, पण हाडं हलकी. संध्याकाळी तो स्वतःहून बाहेर येईल. दोन-तीन मोठी खोकी आडवी लावून कोपरा बंद करा, आत कोथिंबिरीची जुडी टाका, आणि जमिनीवर बसून राहा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि त्याला आपल्या अंगाशी धरा. कान धरून उचलायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती त्याच्यासाठी अत्यंत वेदनेची आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर आणि आसपासच्या दुकानांत चिठ्ठी लावा. हरवलेलाही असू शकतो, कुणाचं मूल रडत बसलेलं असू शकतं. फक्त त्याची एखादी खूण चिठ्ठीत लिहू नका. जो न्यायला येईल त्याने ती सांगितली पाहिजे.

सशाच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की धरा, बाकी सगळं तिच्यातून आपोआप कळत जातं: त्याचं पोट कधी थांबता कामा नये. हा गवतावर जगणारा प्राणी. त्याची आतडी दिवसरात्र चालू असतात आणि त्यांना चालू ठेवतो तो गवताचा चोथा. ती मंदावली की पोटात वायू धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. त्याला उलटीही होत नाही. भीती, ऊन, दुखणं, चुकीचा खुराक, काहीही झालं तरी परिणाम शेवटी पोटावरच येतो. म्हणून आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी कापशीच्या ट्रेमध्ये डोकावलं जातं. हरभऱ्याएवढ्या, कोरड्या, भरपूर लेंड्या दिसल्या की सगळं ठीक. लेंड्या बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा केसाने एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, की त्या दिवशी तिच्यावर बारीक लक्ष. आणि दहा-बारा तास तिने तोंडच लावलं नाही, पाठ काढून कोपऱ्यात बसून राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्यापर्यंत वाट बघायची नाही, ओव्याचं पाणी वगैरे घरचे उपाय करायचे नाहीत.

म्हणूनच खाण्यातला मोठा वाटा, निदान ऐंशी टक्के, गवताचा असायला हवा. सुकं गवत चोवीस तास समोर हवं. ऑनलाइन मिळणारं टिमोथी गवत चांगलं असतं पण महाग पडतं. आम्ही जवळच्या गोठ्यावरून वैरण आणतो, उन्हात सुकवतो, बुरशीचा वास आला तर टाकून देतो. हरळी त्याच्यासाठी उत्तम. गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, फक्त रस्त्याकडेच्या किंवा फवारणी केलेल्या नकोत, आणि धुऊन द्या. लसूणघास हा हिरवा चारा पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, ती सशालाही देऊ नका. त्यावर रोज मूठभर पालेभाजी: कोथिंबीर, मेथी, पुदिना, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. पालक अधूनमधून. प्रत्येक नवी भाजी एकेक करून, थोडी थोडी. गाजर, सफरचंद, केळं हा खाऊ. अंगठ्याएवढा तुकडा पुरे.

पोळी, भात, पाव, बिस्किटं अजिबात नकोत. यावरून आमच्या घरात आजींशी बरीच चर्चा झाली, कारण दारी आलेल्या जिवाला पोळीचा तुकडा न घालणं त्यांना पटेना. पण पिठाचे पदार्थ पोटात आंबतात आणि आतडी बिघडवतात. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट हे सगळं वर्ज्य. घरातल्या कुंड्याही बघून घ्या: मनी प्लांट, डिफेनबेकिया, कण्हेर त्याच्या तोंडाच्या टप्प्यात नकोत.

गवताचं दुसरं काम दातांचं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. मऊ खाणाऱ्या सशाचे दात वाढून गालात किंवा जिभेत रुततात, आणि मग तो खाणं सोडतो.

तुम्हाला एक दृश्य पहिल्या आठवड्यात दिसेल, घाबरू नका. ससा अंग वळवून तोंड मागे नेतो आणि काहीतरी थेट तोंडात घेऊन खातो. नेहमीच्या लेंड्यांखेरीज तो मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्याही टाकतो आणि त्या लगेच खातो. आतड्यातल्या जीवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं त्यातून त्याला परत मिळतात. त्याला अडवू नका. लघवी कधी नारिंगी-लालसर दिसली तर तो पुष्कळदा पाल्यातल्या रंगाचा परिणाम असतो. मात्र सोबत कण्हणं किंवा जोर लावणं असेल तर तपासून घ्या.

डॉक्टरांकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच न्या. फोनवर आधी विचारा, ‘तुम्ही ससे बघता का?’ कुत्र्यामांजरांचे चांगले डॉक्टरही सशाच्या बाबतीत अनुभवी असतीलच असं नाही. जवळपास कुणी नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कानाच्या, नाकाच्या, पंज्यांच्या कडेला पांढरट खपल्या असतील तर ती खरूज. आपल्याकडच्या सशांमध्ये ती नेहमी दिसते आणि औषधाने बरी होते, पण तोवर मुलांना लांब ठेवा. पावसाळ्यात शेपटीखाली ओल राहिली तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. बाहेर फिरलेल्या सशाचा तो भाग आज रात्रीच बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. आणि दोन औषधांची नावं कागदावर लिहून ठेवा. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा स्प्रे किंवा थेंब सशाला विषारी आहेत. पेनिसिलिन गटातली, म्हणजे अमॉक्सिसिलिनसारखी औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून ससा दगावू शकतो. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने काही आणू नका.

नर की मादी हेही तेव्हाच विचारा. मादी असेल तर ती गाभण असण्याची शक्यता खरी आहे. एकतीस दिवसांच्या आसपास ती विते, आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. छातीचे केस उपटून गवतात गोळा करायला लागली की दिवस जवळ आले समजा. पिल्लांना ती दिवसातून एकदा-दोनदा, काही मिनिटंच पाजते; ती पिल्लांकडे बघत नाही म्हणून कासावीस होऊ नका. स्थिरावल्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया जरूर करून घ्या. न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो. नर शस्त्रक्रियेनंतर शांत होतात आणि जागोजाग लघवी शिंपडणं थांबतं. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. कुणी तसं सांगितलं तर त्यांना सशाच्या भुलीचा सराव आहे का, हे तिथेच स्पष्ट विचारा.

ठेवायचं कुठे? जाळीच्या पिंजऱ्यात नाही. तळव्याला गादी नसते, फक्त केस असतात, आणि तारेवर बसून टाचांना जखमा होतात. खोलीचा एक कोपरा द्या, खाली सतरंजी किंवा गोणपाट, लपायला दोन भोकं पाडलेलं खोकं, पाण्याला जड दगडी किंवा चिनी मातीचं भांडं. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र, त्यावर गवत. ससे खाता खाता लेंड्या टाकतात, त्यामुळे गवत ट्रेमध्येच ठेवलं की सवय बहुतेक आपोआप लागते. वायरी मात्र तो कुरतडणारच. इलेक्ट्रिकच्या पीव्हीसी पाइपमधून त्या ओवून घ्या. गॅलरीत एकटा सोडू नका. ग्रिलमधून तो निसटतो, आणि मांजर आत येते.

उन्हाळ्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते, आणि तीस अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. आपल्याकडे मार्च ते जून म्हणजे रोजच. दुपारी सगळ्यात गार खोली त्याची. फरशी उघडी ठेवा, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कानांच्या बाहेरच्या बाजूला ओला हात फिरवा. अंघोळ कधीच नको. भीतीच्या धक्क्याने ससे दगावतात, आणि तो स्वतःला मांजरीइतकाच स्वच्छ ठेवतो.

मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगा, की त्याच्याशी खेळायचं तर जमिनीवर बसायचं. ससा शिकार होणारा प्राणी आहे. वरून आलेला हात त्याला घारीचा वाटतो, आणि नाकासमोरचं त्याला दिसतच नाही, त्यामुळे हात बाजूने न्या. उचलून घेतलेलं बहुतेक सशांना आवडत नाही. कापशी सुरुवातीला कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटायची. त्याचा अर्थ ‘धोका आहे’. आता ती शिट्टीला कान फक्त वळवते. मी पुस्तक घेऊन खाली बसले की येऊन हनुवटी माझ्या गुडघ्याला घासते. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, घासून ती आपला वास लावते. कपाळावर बोट फिरवलं की दात अगदी हलके कुरकुरवते, ते समाधानाचं. मोठ्याने दात खाणं मात्र दुखण्याचं लक्षण आहे, त्यातला फरक चार-पाच दिवसांत कळतो. हा विश्वास यायला आठवडे लागतात, कधी महिने. मुलांना हे वाट बघणं जमतं, मोठ्यांनी आधी घाई केली नाही तर.

नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. आज चौथीत असलेलं मूल कॉलेजला जाईल तेव्हाही गवत आणायचं काम तुमच्याकडेच असेल. गावाला जाताना कोण बघणार, घर बदललं तर काय, हे घरातल्या मोठ्यांनी बसून आजच बोलून घ्या. ठेवणं शक्य नसेल तरी हरकत नाही, चांगलं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळा. पण फुकट न्यायला आलेल्या पहिल्या माणसाच्या हाती देऊ नका. त्याचं घर बघून या, आधी ससा पाळलाय का विचारा, आणि शक्य झालं तर शस्त्रक्रिया करूनच द्या, म्हणजे कुणी पैदाशीसाठी नेणार नाही.

जोडीला दुसरा ससा आणायचा मोह होईल, कारण ससे कळपाने राहणारे. कल्पना चांगली आहे, पण दोघांच्याही शस्त्रक्रिया झाल्यावर, आणि सुरुवातीला मध्ये जाळी ठेवून. अनोळखी ससे एकत्र सोडले तर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. सध्या एकालाच स्थिरावू द्या. पकडल्यावर डॉक्टरांकडे नेईपर्यंत काही शंका आली तर खाली प्रतिक्रियेत विचारा, रात्री उशिरा असलं तरी मी उत्तर देईन.