'तिचे केस काळे आहेत' हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं?

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच धड्याचे निघाले: माणूस दिसतो कसा, ते सांगण्याचे. उच्चार मी देवनागरीत देते आहे. 'शव्ह्यो', 'ब्ल्यो' असं दिसेल तिथे ओठ 'ओ' म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि आतून 'ए' म्हणा. हा स्वर मराठीत नाही, पण चार दिवस आरशासमोर म्हटला की बसतो.

मी अकरावीला फ्रेंच घेतलंय. 'तिचे केस काळे आहेत' याचं मी 'एल ए शव्ह्यो न्वार' असं केलं. बाईंनी अख्खं वाक्य खोडलं. 'आहे' म्हणजे 'ए' असंच शिकवलं होतं ना? (ठाणे)

शिकवलं ते बरोबरच आहे, पण ते अर्धं आहे. माणूस अख्खा कसा आहे हे सांगायला फ्रेंचमध्ये 'एत्र' हे क्रियापद लागतं: 'इल ए ग्रां', तो उंच आहे. अंगावरच्या एकेका गोष्टीबद्दल बोलायचं झालं, म्हणजे केस, डोळे, नाक, कातडी, की 'आव्ह्वार' येतं, जवळ असणे या अर्थाचं. म्हणून 'एल आ ले शव्ह्यो न्वार'. 'एत्र'च्या 'ए'च्या जागी 'आव्ह्वार'चं 'आ', आणि मध्ये 'ले', एवढाच फरक. तुझ्या वाक्याचा अर्थ मात्र 'ती म्हणजे काळे केस' असा होत होता.

चूक कुठून येते सांगू? मराठीत मालकी आपण 'तिचे'मध्येच उरकतो, मग क्रियापदाला 'आहेत' एवढंच काम उरतं. फ्रेंचमध्ये ती मालकी क्रियापद उचलतं. इंग्रजीच्या वाटेने येणारी मुलं 'आ' बरोबर लावतात, पण मधला 'ले' विसरतात, कारण इंग्रजीत तिथे काहीच नसतं. केस, डोळे सगळ्यांनाच असतात, म्हणून त्यांच्याआधी 'ले' हवाच. दाढी, मिशी, तीळ सगळ्यांना नसतात, तिथे 'एक' या अर्थाचं 'अँ' किंवा 'उन' येतं: 'इल आ उन बार्ब', त्याला दाढी आहे. मिशा मात्र आपल्याकडे अनेकवचनात, फ्रेंचमध्ये एकवचनात: 'उन मुस्ताश'. तिळाला 'अँ ग्रँ द बोते' म्हणतात, शब्दशः सौंदर्याचा दाणा. मला हा शब्द फार आवडतो.

आणि एक जपायचं. केस म्हणजे 'शव्ह्यो', घोडे म्हणजे 'शव्हो'. ओठ तसेच ठेवून आतला 'ए' सुटला की तिच्याकडे काळे घोडे येतात. माझ्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी घोडे आणतंच, म्हणून आम्ही दोन्ही शब्द लागोपाठ दहा वेळा म्हणतो. तूही म्हण.

आजोबांचं वर्णन करताना पुस्तकात 'इल आ उन बार्ब ब्लांश' असं दिलंय. आजोबा पुरुष, मग 'ब्लांश' स्त्रीलिंगी कसं? शिवाय 'मारों' हा शब्द कधी बदलतच नाही म्हणतात. सगळंच तोंडपाठ करायचं का? (पुणे, ए-वन पातळी)

अजिबात नाही. हे तुम्हाला लहानपणापासून येतं आहे. 'आजोबांची दाढी पांढरी आहे' असं म्हणताना तुम्ही 'पांढरा' म्हणता का? विशेषण दाढीचं, म्हणून लिंगही दाढीचं. 'बार्ब' फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी आहे. इंग्रजीत हा विचारच करावा लागत नाही, म्हणून इंग्रजीतून शिकलं की हा धडा डोंगराएवढा वाटतो. मराठीतून या.

मराठी व्याकरणात आपण विकारी आणि अविकारी विशेषणं शिकलो होतो. 'काळा' बदलतो: काळा, काळी, काळे. 'लाल' बदलत नाही. फ्रेंचचंही तसंच. 'ग्रां' (उंच) स्त्रीलिंगात 'ग्रांद' होतो, 'पती' (बुटका) 'पतीत' होतो, 'रू' (तांबूस केसांचा) 'रूस' होतो. शेवटी झोपलेलं व्यंजन स्त्रीलिंगात जागं होतं, कानाला ओळखायची खूण तीच. 'न्वार' आणि 'ब्ल्यो' लिहिताना बदलतात, ऐकू मात्र सारखेच येतात.

'मारों' म्हणजे मुळात चेस्टनटचं फळ. फळाचं नाव रंगाला दिलं, ते नाम नामच राहिलं, म्हणून 'लेझ्यो मारों' (तपकिरी डोळे) लिहिताना शेवटी अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. डोळ्यांसाठी वापरतात तो 'न्वाझेत', म्हणजे हेझलनट, तोही असाच अविकारी. रंगाला 'फिका' हा शब्द जोडला की अख्खी जोडी गोठते: फिक्या निळ्या डोळ्यांना 'ब्ल्यो क्लेर', तिथेही 'एस' नाही.

मराठी एका ठिकाणी फसवते, तेवढं पाहा. 'त्याची' या शब्दात मालक पुरुष आहे आणि वस्तू स्त्रीलिंगी आहे, दोन्ही कळतं. फ्रेंच 'सा' फक्त वस्तूचं लिंग सांगतो, मालक तो की ती, हे मागच्या वाक्यावरून समजून घ्यायचं.

मुलाचं लग्न फ्रेंच मुलीशी ठरलंय. तिचे आईवडील घरच्यांबद्दल विचारतात. सावळी, गोरी, निमगोरी, गव्हाळ हे त्यांना कसं सांगू? (नाशिक)

आधी मनापासून अभिनंदन. आता स्पष्टच सांगते: बहुतेक वेळा सांगूच नका. आपल्याकडे स्थळं बघताना वर्ण पहिल्या ओळीत येतो. फ्रान्समध्ये माणूस ओळखतात तो केसांवरून. 'एल ए ब्लोंद', 'एल ए रूस', 'एल ए ब्रुन' ही वर्णनं त्वचेची नाहीत, केसांची आहेत. तुमची काळ्या केसांची लेक 'ब्रुन', सोनेरी केस असलेली विहीण 'ब्लोंद'. फ्रान्सच्या पासपोर्टावरही उंची आणि डोळ्यांचा रंग लिहितात, कातडीचा नाही.

'गोरी'साठी 'ब्लांश' आणि 'काळी'साठी 'न्वार' हे तर माणसाला लावूच नका. 'इल ए न्वार' म्हटलं की ऐकणाऱ्याला वंश ऐकू येतो, तो आफ्रिकी वंशाचा आहे असं. सावळेपणा सांगायची खरोखर वेळ आली, कुर्त्याचा रंग निवडताना वगैरे, तर 'ला पो मात' हा चांगला शब्द आहे: 'एल आ ला पो मात'. आपला गव्हाळ, सावळा दोन्ही त्यात बसतो. उजळ कातडीला 'ला पो क्लेर'. निमगोरीसाठी वेगळा शब्द शोधू नका, त्यांना तो भेद दिसतच नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगायला छान आहे. आपल्याकडे काळे, गोरे आडनावं आहेत, तशी त्यांच्याकडे लब्लां (गोरा), लब्रँ (काळ्या-तपकिरी केसांचा), लरू (तांबडा), लग्रां (उंच) आणि पती आहेत. एखाद्या पूर्वजाचं दिसणं आडनावात राहून गेलं, इकडेही आणि तिकडेही. जेवताना हा विषय काढा, दोन्ही घरं बोलू लागतील.

'जाड' म्हणायला शब्दकोशात 'ग्रो' मिळाला. तो वापरला तर समोरची फ्रेंच मैत्रीण गप्प झाली. आणि 'अँ ग्रांतोम' व 'अँ नोम ग्रां' यांत फरक काय? (कोल्हापूर)

'ग्रो', स्त्रीलिंगी 'ग्रोस', माणसाला लावला की लागतो. आपण घरात 'जाड झालीस गं' मायेनं म्हणतो, ती माया त्या शब्दात नाही. गरजच पडली तर 'रों', 'रोंद' म्हणजे गोल, हा मऊ शब्द. धिप्पाड पुरुषाला 'कोस्तो' म्हणा, त्याला ते आवडेल. उलट बाजूला सडपातळ म्हणजे 'मँस', हडकुळा म्हणजे 'मेग्र'. पहिलं कौतुक आहे, दुसऱ्यात काळजी किंवा टीका.

दुसरा प्रश्न जागेचा. विशेषण नामानंतर असेल तर 'अँ नोम ग्रां', उंच माणूस. आधी असेल तर 'अँ ग्रांतोम', थोर माणूस. पॅरिसमध्ये पांतेओं हे थोरांचं समाधिस्थळ आहे, त्याच्या दर्शनी भागावर 'थोर पुरुषांना कृतज्ञ मातृभूमी' अशा अर्थाची ओळ कोरली आहे, त्यात 'ग्रां' आधी येतो. आत व्हिक्टर ह्युगो, व्होल्तेर आहेत, आणि 1995 पासून मारी क्युरी. उंचीचा तिथे काही संबंध नाही. ज्याची उंची सांगायची आहे त्याला 'इल ए ग्रां' म्हणा, घोळच संपतो.

पुढच्या महिन्यात शिकायला लिऑंला जातोय. घरमालक पार-द्यो स्टेशनवर घ्यायला येणार आहेत, त्यांनी मला पाहिलेलं नाही. काय लिहू? (नागपूर)

चार वाक्यं पुरतात. 'झ फे अँ मेत्र स्वासांत-दिस', माझी उंची 1 मीटर 70. उंचीसाठी 'फे' वापरतात, 'सुइ' (मी आहे) नाही. मग 'झे ले शव्ह्यो कूर ए उन बार्ब', केस आखूड आणि दाढी. दाढी नसेल तर 'झ ने पा द बार्ब', नकार आला की 'उन'चा 'द' होतो. मग 'झ पोर्त दे ल्युनेत', चष्मा लावतो. शेवटी कपडा: 'अँ मांतो व्हेर', हिरवा कोट.

त्यांचाही वेश विचारून ठेवा. उत्तरात 'ल मस्यो ओ शव्ह्यो ब्लां' असं आलं तर पांढऱ्या केसांचे गृहस्थ शोधायचे. हा 'ओ' म्हणजे आपला '-चा', '-ची': 'ला दाम ओ शव्ह्यो कूर', आखूड केसांची बाई. आणि चष्मेवाला माणूस असेल तर 'अँ नोम आ ल्युनेत'.