सस्पेन्शन राहू द्या, आधी कॅरिअरची भोकं बघा

रोज वीसेक किलोमीटर ऑफिसला जाणं-येणं आणि अधूनमधून सामान घेऊन दोन-तीन दिवसांची भटकंती. त्यासाठी हायब्रिड सायकल (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) घेताना पुढे सस्पेन्शन, म्हणजे दणके शोषणारी स्प्रिंग, असावं की नसावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नसावं. कमी किमतीच्या हायब्रिडला जो स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) येतो, तो साध्या फोर्कपेक्षा किलोभर तरी जड असतो आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की खालीवर होत तुमचा जोर खातो. खड्ड्यांचे दणके रुंद टायरही पुष्कळ पचवतो. मी ३८ मिमीचे टायर वापरतो, पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय हवा. सामान लादलं की मागे जरा वाढवतो. त्यामुळे ४० मिमीचा टायर मडगार्डसकट फिरेल एवढी जागा फ्रेममध्ये आहे का, ते नक्की पाहा.

पण मी सगळ्यात आधी बघतो ती भोकं. मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि वर सीटखालच्या नळ्यांवर, दोन्ही बाजूंना, आटे असलेली भोकं हवीत. तिथेच कॅरिअर बसतं. खाली दोन-दोन असतील तर फारच छान, एक कॅरिअरला, एक मडगार्डला. माझ्या पहिल्या हायब्रिडला ती नव्हती. मग मी सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, आवळायचं कॅरिअर घेतलं. उतारावर एका वळणावर ते सामानासकट बाजूला फिरलं, पिशवी चाकाला घासायला लागली आणि थांबेपर्यंत तिला तळहाताएवढं भोक पडलं. कपडे वाचले, पण त्या दिवशी मी खरंच घाबरलो होतो.

डिस्क ब्रेक पावसात भरवशाचे, जरूर घ्या. फक्त मागचा कॅलिपर (ब्रेकची चकती दाबणारा भाग) कॅरिअरच्या पायाच्या आड येत नाही ना, ते सायकलीशेजारी वाकून बघा. कॅलिपर दोन नळ्यांच्या बेचक्यात असेल तर सहसा अडचण येत नाही. मागची फ्रेम आखूड असली तर टाच दर फेरीला पॅनिअरवर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवलेल्या पिशवीवर, आपटते. मोठे बूट घालणाऱ्यांनी हे जास्त जपावं.

गिअर किती आहेत ते मोजू नका, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते विचारा. पुढची सर्वात लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वात मोठी ३२ किंवा ३४ ची असेल, तर दहा-बारा किलो सामान घेऊनही बहुतेक चढ बसून चढता येतात. पुढे एकच ४२ ची चकती आणि मागे ३२, अशी सायकल शहरात मजेत पळते, पण घाटात गुडघ्यांवर येते.

साइज चुकली तर यातलं काहीच कामाचं नाही, त्यामुळे चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. दहा मिनिटं नको, अर्धा तास तरी चालवा. सरळ हँडलवर हातांना मुंग्या येतात का, ते तेवढ्या वेळात थोडंफार कळतं. येत असतील तर हँडलच्या टोकांना बार-एंड (शिंगांसारखे छोटे दांडे) लावून घ्या, पकड बदलत राहता येते. मी दिवसाला ऐंशी किलोमीटर करतो तेव्हा निम्मा वेळ माझे हात तिथेच असतात.