उंची कमी असेल तर बास्केटबॉलमध्ये गार्ड होता येतं का? आणि मोठ्या शहरातलेच गार्ड एवढे भारी का असतात?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगा चौदा वर्षांचा आहे, उंची पाच फूट दोन, कोच म्हणाले "आता गार्डला पण उंची लागते, याला दुसरा खेळ बघा", आणि तुम्ही विचारताय त्याला पुण्या-मुंबईला पाठवू का. गार्ड म्हणजे बॉल हातात ठेवून पुढं नेणारा आणि पास देणारा खेळाडू. उंचीचं आधी सांगून टाकतो. मग्सी बोग्स, उंची पाच फूट तीन इंच, एनबीएमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) १४ सीझन. विषय संपला. हा बाल्टिमोरच्या डनबार हायस्कूलचा पोरगा, १९८१-८२ आणि १९८२-८३ असे दोन सीझन ती शाळा एक मॅच हरली नाही. त्याच टीममध्ये रेजी लुईस होता, जो पुढं बोस्टन सेल्टिक्सचा कॅप्टन झाला, चांगला सहा फूट सातचा, आणि तो शाळेत बेंचवरनं यायचा. बोग्स पहिल्या पाचात. पुढं १९८७ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू नंबरानं निवडतात तो) दोघंही पहिल्याच राउंडला गेले, आणि बोग्सचा नंबर लुईसच्या आधी लागला.

आता मोठ्या शहराचं. खरं तर यासाठीच लिहायला बसलोय, कारण याचं उत्तर मी पुस्तकात नाही वाचलं, आमच्या घरात बघितलंय.

१९९० च्या आसपासची गोष्ट आहे. मी मुंबईत नोकरीला होतो, भायखळ्यात आपल्या कोल्हापूरच्याच पोरांबरोबर एका खोलीत राहायचो. धाकटा भाऊ इकडं शाळेच्या टीममध्ये गार्ड, दहावीची परीक्षा दिली आणि सुट्टीला महालक्ष्मी एक्सप्रेसनं माझ्याकडं आलता. उंची पाच फूट चार. इथं त्याच्या हातातनं बॉल कुणी काढू शकत नव्हतं, शाळाशाळांत नाव होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. मी म्हटलं चल, तुला नागपाडा दाखवतो.

नागपाडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबई सेंट्रल आणि भायखळ्याच्या मधली दाट वस्ती, तिथं नेबरहूड हाऊस म्हणून संस्था आहे, क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं १९२७ मध्ये सुरू केलेली. अब्बास मुंतसिर त्याच भागातले, भारताचे कॅप्टन, १९७० चा अर्जुन पुरस्कार. आसपासच्या गल्ल्यांत पोरं क्रिकेटच्या बरोबरीनं बास्केटबॉल खेळतात, आणि खेळावर रेल्वेसारख्या ठिकाणी नोकरीला लागतात. तिथल्या घरांत बास्केटबॉल म्हणजे टाइमपास नाही.

आम्ही गेलो तेव्हा कोर्टवर दहा वर्षाच्या पोरापासनं चाळिशीच्या माणसापर्यंत सगळे एकत्र. टीम पाडायच्या, जिंकेल ती टीम कोर्टवर थांबणार, हरेल ती बाहेर, आणि बाहेर गेलात की परत नंबर कधी लागेल सांगता येत नाही. भावाला एका टीमनं घेतलं, त्यांच्यातला एक जण घरी गेलता म्हणून. समोर गार्ड म्हणून जो उभा राहिला तो भावापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, बुटाचा तळ सुटलेला. पहिल्याच वेळी त्यानं बॉल काढला. दुसऱ्यांदा पण काढला. भावानं हात बदलला, पाठ लावून आडवा झाला, तरी काढला. कारण भाऊ खाली बघून ड्रिबल करायचा, आणि कोल्हापुरात त्यासाठी त्याला कधी कुणी शिक्षाच केलेली नव्हती. बाजूला एक वयस्कर चाचा बसलेले, ते ओरडले, "अरे बॉल को क्या देखता है, बॉल भागके किधर जायेगा, सामने देख!" टीम हरली, भाऊ बाहेर, खोलीवर येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं झालं, आता हा उद्याच्या गाडीनं परत जातोय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं आलो तर हा बूट घालून दारात बसलेला.

मग सुट्टीभर तेच. संध्याकाळी जायचं, नंबर लावायचा, मार खायचा. कोच नाही, शिट्टी नाही, शंकू (कोन) लावून झिगझॅग नाही, फी तर नाहीच. पण रोज कुणीतरी आपल्यापेक्षा वरचढ समोर उभा. एकदा धडाधड दोघांनी घेरून ट्रॅप लावला तर हा दोघांच्या मधनं वाकून निघाला आणि न बघता कोपऱ्यातल्या पोराला बाउन्स पास दिला, तेव्हा तो बुटाचा तळ सुटलेला पोरगाच पहिला ओरडला, "आया रे आया!" सुट्टी संपत आली तेव्हा टीम पाडताना याचं नाव सुरुवातीला घ्यायला लागले. तो माझा भाऊ आहे हे मी तिथं बसलेल्या अनोळखी माणसांना सांगत सुटलो होतो.

पुढं केबल आलं, नेट आलं, न्यूयॉर्कच्या गार्डांबद्दल वाचत गेलो तर सगळीकडं तेच. बॉब कूझी, क्वीन्सच्या शाळेतनं आधी टीममधनं काढून टाकलेला, तेराव्या वर्षी उजवा हात मोडला म्हणून डाव्या हातानं खेळायला लागला, आणि दोन्ही हातांनी खेळतो हे एका कोचनं बघितलं म्हणून परत आत आला. टायनी आर्चिबाल्ड ब्राँक्सचा, सहा फूट एक, १९७२-७३ च्या एकाच सीझनमध्ये एनबीएत पॉइंट पण सगळ्यात जास्त त्याचे आणि असिस्ट (ज्या पासवर बास्केट होतो तो पास) पण त्याचेच. केनी स्मिथ आणि केनी अँडरसन दोघंही क्वीन्सच्या आर्चबिशप मॉलॉय शाळेचे, कोचही एकच, जॅक करन, जो १९५८ पासून २०१३ पर्यंत तिथंच होता. अँडरसन १९९१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला गेला. स्टेफॉन मारबरी कोनी आयलंडचा, लिंकन हायस्कूल, त्याच्या आधी घरातले तीन मोठे भाऊ खेळून गेलेले, म्हणजे चालायला लागल्यापासनं समोर मोठा माणूस. न्यूयॉर्कच्या पाण्यात काही नाही आणि मुंबईच्या पण नाही. आपल्याकडं तालमीत वस्ताद पोराला रोज वरचढ जोड देतो आणि त्यानंच पैलवान तयार होतो, हे तसंच आहे. मोठ्या शहरात जोड फुकट मिळतो, रोज मिळतो, एवढाच फरक.

कोल्हापुरात काय होतं? शाळेचं कोर्ट, सहा वाजता गेटला कुलूप. जून ते सप्टेंबर सिमेंटवर शेवाळ. वर्षभर तीच आठ-दहा पोरं एकमेकांसमोर, त्यातला जो बरा तो स्वतःला गार्ड समजतो. मोठी झालेली पोरं फुटबॉल बघायला शाहू स्टेडियमवर, कोर्टवर कुणी फिरकत नाही. फुटबॉलला आपल्याकडं प्रत्येक पेठेत तालमीची टीम आहे, तिथं सोळा वर्षाचा पोरगा पंचविशीच्या माणसाला अंगावर घेतो, म्हणून आपल्याकडं फुटबॉलर होतात. बास्केटबॉलला ते नाही.

आता जे सांगायचंच होतं ते सांगतो. भाऊ परत आला, कॉलेजला गेला, निवड चाचणीत त्याच्यासमोर एकाला बॉल हाफच्या (कोर्टच्या मधल्या रेघेच्या) पुढं नेता येईना. निवड करणाऱ्या सरांनी त्याला बाजूला केलं. कारण सांगितलं, "गार्ड सहा फुटी पाहिजे, वरनं कोर्ट दिसतं." आणि एका उंच पोराला गार्ड केलं, जो बिचारा चांगला होता पण पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, त्याचा त्यात काय दोष. पहिल्याच मॅचला समोरच्या टीमनं फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन दाबलं. तेव्हा हाफ ओलांडायला १० सेकंद मिळायचे (२००० पासनं ८ झाले, म्हणजे आता तर हातात बॉल टिकवणारा जास्तच पाहिजे), तर त्या १० सेकंदात आमची टीम हाफ ओलांडेना. बॉल जायचा, लेअप (बास्केटजवळनं सोपा शॉट) खायचा, परत बॉल जायचा. मी पायऱ्यांवर बसून बघितलंय ते. वरनं कोर्ट दिसतं म्हणे! कोर्ट दिसायला मान वर पाहिजे, उंची नाही. उंच माणसाचा बॉल जमिनीपासनं हातापर्यंत जास्त वेळ उघडा राहतो, बारक्याचा गुडघ्याखाली राहतो, ट्रॅपमध्ये काढणार कुठनं? हे मी त्या सरांना तेव्हाच बोललो होतो, त्यांनी ऐकून घेतलं नाही. आजही भेटले तर हेच बोलेन.

भाऊ आता उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप चालवतो, चांगलं चाललंय. त्याच्या हातात बॉल द्या, अजून मान खाली जात नाही.

तर तुमच्या प्रश्नावर. मुलाला कायमचं पाठवू नका. महागडी अकॅडमी पण नको, तिथं बहुतेक ठिकाणी त्याच्याच वयाची, त्याच्याच लेव्हलची पोरं रांगेत उभी करून कोनभोवती पळवतात. सुट्टीत पाठवा, नातेवाईक असतील त्यांच्याकडं ठेवा, आणि जिथं मोठी माणसं खेळतात अशा कोर्टवर सोडा. इथं असेल तेव्हा कॉलेजच्या पोरांत खेळू दे, पडेल, रडेल, घरी येऊन बोलणार नाही, खेळू दे. पावसाळ्यात पार्किंगमध्ये डाव्या हातानं ड्रिबल, खाली न बघता. समोर कुणीतरी बोटं दाखवायची, याने आकडा मोठ्यानं सांगायचा, ड्रिबल थांबवायचा नाही. घरात बहीण-भाऊ असेल तर त्याला या कामाला लावा.

एक गोष्ट उशिरा सांगतोय पण महत्त्वाची आहे, बारक्या गार्डला बाहेरनं शूट मारता आलाच पाहिजे. २०१० पासनं तीन पॉइंटची लाइन ६.२५ वरनं ६.७५ मीटरवर गेलीय, पंधराव्या वर्षाच्या आधी ताकद लावून तिथनं मारायला लावलं तर हात बिघडतो, आधी जवळनं सरळ मारू दे.

आणि मोठं शहर म्हणजे सगळं सोनं असंही नाही. सेबॅस्टियन टेलफेअर, मारबरीचा नात्यातला भाऊ, त्याच लिंकन शाळेचा, २००४ मध्ये शाळेतनं थेट एनबीएत १३ व्या नंबरला गेला, केवढं नाव झालं होतं, आणि तिथं कधी स्टार झाला नाही. ब्रुकलिनचा पर्ल वॉशिंग्टन, कॉलेजात ज्याला बघायला गर्दी व्हायची, तो एनबीएत तीनच सीझन टिकला. पोराच्या डोक्यात लहानपणी हवा भरणारी माणसं शहरात जास्त असतात, तेवढं सांभाळा.

मुलगा दहावीत असेल तर मार्च संपू दे, मग पाठवा. तुमचे कोच वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, पण त्यांना एकदा सांगा की याच्यावर दोन पोरं सोडा, फुल कोर्ट, दहा वेळा. किती वेळा बॉल हाफच्या पलीकडं नेतो ते मोजा, मग उंचीचं बोलू.