सप्टेंबरच्या शेवटी अमेरिकेत डेन्व्हरजवळ एल्क (सांबरासारखी मोठी हरणं) शांतपणे, त्यांना त्रास न देता बघायचे असतील तर कुठे आणि कसं जावं?

सप्टेंबरच्या शेवटी येताय म्हणालात, म्हणजे वेळ बरोबर साधलीय. रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जा, डेन्व्हरहून दीड-दोन तास, एस्टेस पार्क गावातून आत शिरायचं, फक्त एंट्रीचं परमिट लागतंय का ते आधी बघून ठेवा. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एल्क माजावर असतात आणि मोरेन पार्क, हॉर्सशू पार्कच्या कुरणांत उतरतात. गंमत म्हणजे शिकारीमुळे इथले एल्क जवळपास संपलेच होते, 1913-14 मध्ये यलोस्टोनहून आणून परत सोडले.

मागे आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला पहाटे घेऊन गेलो. अंधारच होता, गाडी रस्त्याकडेला पार्किंगच्या जागेत लावली, इंजिन बंद, काच चार बोटं खाली, थर्मासमधला चहा. वीस मिनिटं काहीच नाही, आई म्हणालीसुद्धा, यासाठी उठवलंस का मला? आणि मग झाडांकडून शीळ आली, आधी घोगरी, मग चढत चढत एकदम बारीक, आणि शेवटी दोन-तीन हुंकार. उजाडलं तसा नर दिसला, आपल्या सांबरापेक्षाही थोराड, शिंगांना उपटलेलं गवत लोंबतंय, ओरडताना तोंडातून वाफ निघतीय. आई म्हणे, एवढं धूड आणि आवाज पिपाणीसारखा? मग वारा फिरला आणि वास आला, हे नर मुतून केलेल्या चिखलात लोळतात ना, आईने शाल नाकाला लावली पण नजर काही हटवली नाही.

नियम म्हणाल तर किमान 75 फूट लांब राहायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत रस्ता किंवा पायवाट सोडून कुरणात उतरायला बंदी आहे. मी मात्र फूट मोजत बसत नाही, चरणाऱ्या एल्कने मान वर करून तुमच्याकडे टक लावली की समजा जास्त जवळ आलात, हळूच मागे सरका. शीळ घालून बोलवायला जाऊ नका, नर अंगावर येऊ शकतो. चांगली दुर्बीण आणि जाड जॅकेट घ्या, कारण हीटर लावायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं आणि मग काय ऐकू येणार.

आणि हो, गाडी लॉक करताना हॉर्न वाजतो ना, तो आधी बंद करा. मी एकदा विसरलो, अख्खा कळप झाडीत, आणि शेजारच्या गाडीतले आजोबा माझ्याकडे असे बघत होते की मीच झाडीत जावं म्हटलं.