देव मला शिक्षा करतोय का?

‘यजमानांची नोकरी गेली, पाठोपाठ सासूबाई अंथरुणाला खिळल्या. रात्री त्यांच्यासाठी दोन-तीनदा उठावं लागतं. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, प्रभू तुम्हाला शिस्त लावतोय, काय चुकलं ते शोधा. मी पहाटे उठून प्रार्थना करते, दर शुक्रवारी उपास धरते. पण मन कोरडंच. उलट देवाचा राग येतो. माझा विश्वास कच्चा आहे का?’

प्रिय भगिनी,

लोक दाखला देतात तो बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायाचा: प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. पण आधी 10वा अध्याय वाचा. हे पत्र ज्यांना लिहिलं, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, निंदा झाली होती, आणि तीही विश्वास धरला म्हणून. म्हणजे तिथली शिस्त लेकराला वाढवणाऱ्या बापाची आहे, जुने हिशेब चुकते करणाऱ्या सावकाराची नाही. ‘काय चुकलं’ हे ईयोबाच्या, म्हणजे सर्वस्व गमावलेल्या त्या नीतिमान माणसाच्या, मित्रांनीही त्याला पुष्कळ विचारलं. अखेर देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, तेव्हा पाप ना त्याचं, ना त्याच्या आईबापांचं, असं येशूने सांगितलं. तेव्हा हा शोध थांबवा.

उपासाबद्दल स्पष्टच लिहिते: सध्या सोडा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. दोनदा उठवून खाऊ घातलं. रात्री जागून सासूबाईंची कूस बदलणं हीच तुमची आजची साधना आहे. (यजमान घरीच आहेत ना? मग एक रात्र त्यांची.)

राग येतो, तर तो प्रार्थनेतच बोला. 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा जाच, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर आलं. ते उत्तर पचायला त्यालाही वेळ लागला असेल, असं मला वाटतं. इब्री पत्रही शिस्तीचं फळ मागाहून मिळतं म्हणतं, त्यामुळे आज मन कोरडं आहे यावरून विश्वास मोजू नका.

आणि त्याच 12व्या अध्यायात, लगेच पुढे, गळालेले हात आणि लटपटते गुडघे सावरायला सांगितलं आहे. तेव्हा पाळकांना भेटा आणि मंडळीकडे प्रार्थनेबरोबर दुपारचे दोन तासही मागा: सासूबाईंजवळ कुणीतरी बसेल, तुम्ही झोपा.