कळवळा, कलेजी-गुर्दा आणि एक ग्रीक क्रियापद

गेल्या अंकात दया आणि करुणा यातला फरक विचारणारं एक पत्र होतं, त्याला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले की मराठी बायबलात 'कळवळा आला' असं जिथे वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते चक्क शरीराच्या आतल्या अवयवांवरून आलंय. झालं! त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली, काही कौतुकाची, काही हे खरं कशावरून म्हणून विचारणारी, म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलं.

प्रश्न (अहिल्यानगर) : ताई, ते क्रियापद नेमकं कोणतं ते सांगा. आमच्या पाळकसाहेबांनी मागे उपदेशात सांगितलं होतं की त्याचा खरा अर्थ 'येशूची आतडी पिळवटली' असा आहे. हे बरोबर का?

क्रियापद आहे स्प्लांख्निझोमाय. नव्या करारात ते फक्त १२ वेळा येतं आणि तेही मत्तय, मार्क, लूक या तीनच शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत), मत्तयात ५, मार्कात ४, लूकमध्ये ३. योहानाच्या शुभवर्तमानात नाही, पौल या प्रेषिताच्या पत्रांत नाही. १२ पैकी ९ ठिकाणी ते येशूबद्दल आहे आणि उरलेल्या ३ ठिकाणी येशूने सांगितलेल्या दाखल्यांतल्या माणसांबद्दल, कर्ज सोडून देणारा राजा, चांगला शोमरोनी आणि उधळ्या पुत्राचा बाप.

आता आतड्यांचं. नाम आहे स्प्लांख्ना, त्यावरून हे क्रियापद. पण स्प्लांख्ना म्हणजे आधी आतडी नव्हेच! जुन्या ग्रीकमध्ये बळी दिलेल्या जनावराचं काळीज, फुप्फुस, यकृत, गुर्दे हे झाले स्प्लांख्ना आणि आतड्यांना वेगळा शब्द होता, एन्तेरा. आपल्याकडे मटणाच्या दुकानात कलेजी-गुर्दा वेगळा मागतात आणि वजडी वेगळी मागतात की नाही, अगदी तसं. पुढे शब्द सैल झाला आणि एकूणच पोटातल्या सगळ्याला लावला जाऊ लागला, प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं पोट फुटून जे बाहेर पडलं त्याला हाच शब्द आहे, त्यामुळे आतडी हा अर्थ पार चूक म्हणता येत नाही. आणि गंमत म्हणजे ग्रीकमधला प्लीहेचा शब्द स्प्लेन, तो आणि आपला संस्कृतातून आलेला 'प्लीहा' हे एकाच मुळातून आलेले आहेत, स्प्लांख्ना हा स्प्लेनचाच भाऊबंद. म्हणजे शब्द लांबचा वाटला तरी नात्यातला निघाला.

पण पाळकसाहेबांच्या वाक्यात मला खटकतं ते 'खरा अर्थ' हे. शब्द कुठून आला हा त्याचा इतिहास झाला, तो वापरणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय असतं ती गोष्ट वेगळी. आपण 'तिच्यासाठी माझं आतडं तुटतं' म्हणतो तेव्हा कोणी सोनोग्राफी करायला धावत नाही. पहिल्या शतकात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्याला स्प्लांख्निझोमाय म्हणजे आतून माया दाटून येणं, कळवळणं एवढंच ऐकू येत असणार. त्यात पोटाचा वास होता, पण शस्त्रक्रियेच्या टेबलाएवढा नाही. अजून एक, काही जण हा शब्द 'गर्भाशया'शी जोडतात, ती सरमिसळ आहे. हिब्रूमध्ये रेखेम म्हणजे गर्भाशय आणि रखमीम म्हणजे दया, ते नातं हिब्रूतलं, ते उचलून ग्रीक क्रियापदाच्या पोटात घालू नये.

प्रश्न (कोल्हापूर) : मी ख्रिस्ती नाही, भाषेची आवड म्हणून विचारतो. मग प्राचीन ग्रीक लोकांना दया पोटात वाटायची का?

नाही हो, तिथेच तर खरी मजा आहे. जुन्या ग्रीक नाटकांत स्प्लांख्ना हे राग, चिंता असल्या दणकट भावनांचं घर आहे. आरिस्तोफानेसच्या 'बेडूक' या इ.स.पूर्व ४०५ च्या नाटकात चिडलेल्या एस्खिलस या नाटककाराला सांगतात की बाबा रे, रागाने आपले स्प्लांख्ना तापवू नकोस. आपण 'डोकं तापवू नको' म्हणतो ना, ते तिथे काळजा-यकृतापाशी तापायचं. दयेचा तिथे मागमूस नाही.

आणि क्रियापद तर त्याहून वेगळ्या वाटेचं. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट बायबलात नाही) अंतियोख राजाच्या काळात यहुद्यांवर बळजबरी झाली त्याचं वर्णन आहे, त्यात ६:८ मध्ये हेच क्रियापद कर्तरी रूपात येतं, स्प्लांख्निझेइन, आणि तिथे त्याचा अर्थ बळीचे आतले अवयव खाणं, म्हणजे मूर्तीपुढच्या नैवेद्यात भाग घेणं! ग्रीक बळीविधीत हे अवयव सळईला लावून भाजायचे आणि जवळच्या मंडळींनी ते आधी खायचे, बाकीचं मांस नंतर. तर जे क्रियापद एका यहुदी पुस्तकात बाटवण्याचं क्रियापद आहे तेच पुढे रूप बदलून येशूच्या मायेचं क्रियापद झालं. मधला दुवा यहुदी लोकांच्या ग्रीक लिखाणात आहे, बायबलातल्या नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरात १२:१० ला हिब्रू रखमीमसाठी स्प्लांख्ना घातलाय आणि १७:५ ला या क्रियापदाचंच एक उपसर्ग लावलेलं रूप आहे, जो कळवळतो त्याच्यावर दया होईल अशा अर्थाचं. ग्रीक शब्दात हिब्रू भावना भरली गेली ती अशी हळूहळू.

प्रश्न (वसई) : मी कॉलेजला आहे. आमच्याकडे मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) कधीकधी 'किरिये एलेइसोन' गातात. त्यातलं एलेइसोन हेच क्रियापद का? दोन्हीचा अर्थ दया कर असाच ना?

नाही गं, ते वेगळं, एलेएओ. त्याचं नाम एलेऑस. पण प्रश्न झकास विचारलास, कारण दोन्ही क्रियापदं एकाच गोष्टीत शेजारीशेजारी येतात तेव्हा फरक आपोआप दिसतो.

मत्तय २० काढ. यरीहोहून निघताना रस्त्याकडेला दोन आंधळे बसलेत, ते ओरडतात, आमच्यावर दया करा, तिथे एलेएसोन आहे, तुझं मिस्सातलंच. लोक त्यांना गप्प बसवतात, ते आणखी मोठ्याने ओरडतात. आणि मग ३४ व्या ओवीत येशू, मत्तय लिहितो, स्प्लांख्निस्थेइस, म्हणजे कळवळून, त्यांच्या डोळ्यांना हात लावतो. मागितलं एलेऑस आणि मिळालं त्याच्या आतलं काहीतरी. एलेऑस मागता येतं, ठरवून करता येतं, राजाकडे अर्ज केल्यासारखं. स्प्लांख्निझोमाय मात्र होतं, म्हणजे पाहिलं की होतं. मागण्यातही ते एकदाच आलंय, मार्क ९:२२ ला, आणि मागणारा कोण, तर फिट्स येणाऱ्या मुलाचा बाप. त्याला बिचाऱ्याला साधी दया पुरली नाही.

मत्तय १८ चा दाखलाही बघ. एका चाकरावर १०,००० तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी झाली, हे कर्ज फिटणारच नाही असा आकडा मुद्दाम घेतलाय. धनी कळवळतो (आपलं क्रियापद) आणि सगळं माफ करतो. तो चाकर बाहेर जाऊन १०० दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. मग धनी त्याला बोलावून विचारतो की मी तुझ्यावर दया केली तशी तूही करायला नको होती का, आणि इथे क्रियापद बदलतं, एलेएओ! म्हणजे तुला माझ्यासारखं पोटातून तुटायलाच हवं होतं असं नाही म्हणत तो, निदान दया तर करायचीस.

लूक १० मधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही तोच खेळ. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस रस्त्यात पडलाय. याजक पाहतो आणि बाजूने निघून जातो, लेवी (मंदिरातला सेवक) पाहतो आणि बाजूने निघून जातो, शोमरोनी पाहतो आणि कळवळतो. तिघांनीही पाहिलंय, हे महत्त्वाचं, नजर कोणाचीच चुकली नाही. पण शेवटी शेजारी कोण ठरला असं येशूने विचारल्यावर, ज्याला त्याने हा दाखला सांगितला तो यहुदी शास्त्री उत्तर देतो, ज्याने दया केली तो, आणि शब्द वापरतो एलेऑस. शोमरोनी म्हणजे यहुद्यांना नकोसे शेजारी, तो शब्द तर त्याच्या तोंडातून निघतच नाही, आणि ते पोटातलं क्रियापदही नाही. माझ्या मते लूकने हे मुद्दाम केलंय.

प्रश्न (पुणे) : मी मराठीची निवृत्त शिक्षिका. 'कळवळा आला' हे भाषांतर मला फार आवडतं, पण क्रियापदाचं नाम का केलं? सरळ 'तो कळवळला' का नाही?

बाई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मत्तय ९:३६ आपल्या नेहमीच्या मराठी बायबलात 'लोकसमुदायांना पाहून त्याला त्यांचा कळवळा आला' असं आहे. ग्रीक रूप आहे एस्प्लांख्निस्थे. हे क्रियापद नव्या करारात कर्तरी रूपात येतच नाही. कर्ता ते 'करत' नाही, ते त्याच्या आत घडतं. आता मराठीत असल्या भावनांसाठी आपल्याकडे आयतीच सोय आहे, मला राग आला, मला भूक लागली, मला दया आली, म्हणजे माणूस चतुर्थीत आणि भावना येणारी. त्यामुळे 'त्याला कळवळा आला' हे व्याकरणाच्या दृष्टीने ग्रीकच्या फार जवळ जातं, माझ्या डोळ्यासमोर तरी याहून बरं काही येत नाही.

'कळवळला' का नाही, तर 'पोटात दुखून कळवळला' हेही आपण म्हणतो आणि वाचणारा क्षणभर तिकडे जातो. खरं तर मला ते जाणं आवडलं असतं! स्वतःच्या दुखण्याने आणि दुसऱ्याच्या दुखण्याने, दोन्हींसाठी एकच क्रियापद असणं ही मराठीची केवढी श्रीमंती, आणि ते ऐकताना पोटातली कळ कानात वाजतेच, व्युत्पत्ती काही का असेना. शिवाय तुकोबांमुळे कळवळा हा शब्द आपल्या कानाला आधीपासून भक्तीतला आहे, तो चर्चमध्ये आल्यावर परका वाटला नाही.

एक उणीव मात्र आहे. आपल्याकडे कळवळा येतो आणि तिथेच बसूही शकतो. निवडणुकीच्या भाषणात शेतकऱ्यांचा कळवळा किती येतो ते बघा. शुभवर्तमानांत हे क्रियापद आलं की पाठोपाठ काहीतरी हालचाल असते, हात लावला, बरं केलं, जेवायला घातलं, जखमा बांधल्या. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा गेला, लूक ७:१३ ला येशू तिला पाहतो, कळवळतो, रडू नको म्हणतो आणि पुढे होऊन तिरडीला हात लावतो. मार्क ६:३४ ला तर कळवळा येऊन तो शिकवायला बसतो. म्हणजे तुमच्यासारखंच, बाई.

जाता जाता, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं काम पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये केलं, १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून आलं. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईने सोप्या मराठीचा हट्ट धरावा, यावर कधीतरी वेगळं लिहायला पाहिजे.

प्रश्न (ठाणे) : मोबाइलवरच्या इंग्रजी बायबलात मार्क १:४१ ला कुष्ठरोग्याला पाहून येशू रागावला असं आहे, मराठीत कळवळा आला. नक्की कोणी घोळ घातला?

घोळ कोणी घातला नाही, हस्तलिखितंच दोन प्रकारची आहेत. बहुतेक सगळ्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातली सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस धरून, स्प्लांख्निस्थेइस आहे. पण कोडेक्स बेझी नावाचं एक ग्रीक-लॅटिन दुभाषी हस्तलिखित आहे, बेझा या विद्वानाने १५८१ साली केंब्रिजला दिलेलं, त्यात ऑर्गिस्थेइस आहे, म्हणजे रागावून. काही जुनी लॅटिन हस्तलिखितंही तेच म्हणतात. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनच्या २०११ च्या आवृत्तीने राग घेतला, तुमच्या मोबाइलवर तीच असणार, त्याआधी त्यांच्याकडेही कळवळाच होता.

रागाच्या बाजूने लोक म्हणतात की हस्तलिखिताची नक्कल उतरवणारा राग खोडून कळवळा घालेल, कळवळा खोडून राग कशाला घालेल? शिवाय मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगताना दोन्ही गाळतात, आणि मत्तय कळवळा सहसा गाळत नाही, मग इथेच का? मुद्दा वजनदार आहे. पण बेझीला स्वतःची वेगळी वाट धरायची खोड आहे आणि एवढ्या थोड्या पुराव्यावर मी तरी मजकूर बदलला नसता, तळटीप दिली असती.

हे दोन शब्द समोरासमोर बघायचे असतील तर लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला वाचा, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतोय. मुलगा लांब असतानाच बाप त्याला पाहतो आणि एस्प्लांख्निस्थे, धावत सुटतो. थोरला भाऊ गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि ऑर्गिस्थे, घरातच येत नाही. दोन्ही रूपं एकाच साच्यातली, एकच घर, एकच संध्याकाळ.

प्रश्न (नाशिक) : दोन छोट्या शंका. उच्चार कसा करायचा? आणि पौलाने हे क्रियापद का टाळलं?

उच्चार वर लिहिलाय तसा करा, चालतंय, आजचे ग्रीक लोक 'स्प्लाख्नीझोमे' असं काहीसं म्हणतात आणि अर्थ अजून दया येणं हाच आहे.

पौलाने क्रियापद टाळलं पण नाम सोडलं नाही. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र २५ ओव्यांचं, त्यात स्प्लांख्ना ३ वेळा. ओनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, तो पौलाकडे आलाय आणि पौल त्याला परत पाठवतोय. आधी ७ व्या ओवीत म्हणतो, तुझ्यामुळे पवित्र जनांच्या काळजाला विसावा मिळालाय. मग १२ व्या ओवीत, मी याला पाठवतोय, हा म्हणजे माझं काळीज. आणि २० व्या ओवीत हळूच, माझ्या काळजाला विसावा दे. तिन्ही ठिकाणी मूळ शब्द एकच. आता फिलेमोन नाही म्हणणार कसा!